दोन वर्षांपूर्वीचं पोस्टर पुन्हा केलं, आणि नक्की काय सुधारलं तेच कळेना

अर्धी_रेघ

ग्राफिक डिझाइनचं दुसरं वर्ष संपलं. पोर्टफोलिओ लावायला बसले तर पहिल्या सत्रातली एक फाइल सापडली. तेव्हाचा ब्रीफ दोन ओळींचा होता: ग्रंथालय आता रात्री १० पर्यंत उघडं राहणार आहे, ते सांगणारं ए३ पोस्टर करा. फाइल उघडली आणि दोन मिनिटांत बंद केली. मग रात्री पुन्हा उघडली.

जांभळं आकाश, चंद्र, चष्मा लावलेलं घुबड, घुबडाच्या पंजात पुस्तक. फॉन्ट चार. शीर्षकाला बाहेरून ग्लो, आतून ग्रेडियंट, खाली सावली. "ग्रंथालय" हा शब्द ऐसपैस दिसावा म्हणून मी त्याचं ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं होतं, त्यामुळे शिरोरेखेचे तुकडे होऊन प्रत्येक अक्षर आपापल्या छपराखाली वेगळं राहत होतं. फाइलचा आकार ८४२ × ११९१ पिक्सेल, म्हणजे ए३, पण ७२ पीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल. छापायला ३५०८ × ४९६१ लागतात हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी घुबडाच्या चष्म्यात गुंतलेली असेन.

मग ठरवलं, जुन्याकडे न बघता तोच ब्रीफ पुन्हा करायचा. जुनं एका रात्रीत झालं होतं, नव्याला चार दिवस लागले. सहा स्तंभांची ग्रिड, एकच फॉन्ट आणि त्याची दोन वजनं (एक जाड, एक बारीक), पांढरी पार्श्वभूमी, डावीकडे पुस्तकाच्या कण्याचा एक उभा पट्टा. एकही गोष्ट "असंच वाटलं म्हणून" ठेवलेली नाही. दोन्ही छापून शेजारी शेजारी भिंतीवर लावली. मैत्रीण आली. नव्याकडे बघून म्हणाली, "हे छान आहे, स्वच्छ आहे." आणि मग बराच वेळ जुन्याकडे बघत उभी राहिली.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. मी एक तक्ता केला, स्वतःला दहापैकी गुण दिले: सॉफ्टवेअर ७, अक्षररचना ६, रंग ५, रेखाटन ३. "कल्पना" या रकान्यात काय लिहावं ते न कळून तो रिकामाच आहे. तुम्ही तुमची प्रगती कशी मोजता? दोन्ही पोस्टरं खाली जोडते आहे. झोडपायला हरकत नाही.

छापखान्यातला

झोडपायची परवानगी दिलीच आहे तर सुरुवात करतो. जुन्या पोस्टरच्या कडेला पांढरा दोरा दिसतोय. ब्लीड ठेवलं नव्हतंस. कटिंगला कागद केसभर सरकतोच, म्हणून रंग कडेच्या बाहेर ३ मिमी जाऊ द्यायचा. आणि ते जांभळं आकाश स्क्रीनवर कसं दिसत होतं ते न बघता सांगतो: झगझगीत निळसर जांभळं. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या प्रकाशातला, तो रंग सीएमवायकेच्या, म्हणजे छपाईच्या चार शायांत नाहीच, त्यामुळे छापल्यावर वांग्यासारखा झाला.

नव्यात हे काहीच नाही. ही प्रगतीच की. तुला कळली नाही कारण ती तुझ्या हातात बसली आहे, आणि बसलेली गोष्ट माणसाला दिसत नाही.

मात्र नव्यात एक खोट आहे. खालचा बारीक मजकूर फिक्या राखाडीत ठेवला आहेस. काळ्याचा टिंट, म्हणजे फिकी छटा, छपाईत असते बारीक ठिपक्यांची जाळी. एवढ्या छोट्या अक्षरांच्या कडा त्या जाळीत फाटतात. भिंगाखाली बघ, अक्षराला कुरतडल्यासारखं दिसेल.

अर्धी_रेघ

भिंग नाही, मोबाइलनं फोटो काढून मोठा केला. खरंच कुरतडलेलं आहे. राखाडी मी "शांत दिसावं" म्हणून घेतला होता. म्हणजे एक गोष्ट असंच वाटलं म्हणून ठेवलेली निघाली.

जुना_वाचक

मी डिझाइनमधला नाही, माझं मत एका सामान्य बघ्याचं समजा. मला जुनं आवडलं. घुबड मजेशीर आहे. ते पुस्तक वाचत नाहीये, कुणीतरी परत मागेल म्हणून घट्ट धरून बसलंय असं वाटतं. नवीन पोस्टर बँकेच्या ठेवयोजनेचं वाटतं. राग मानू नका.

अर्धी_रेघ

राग नाही आला. म्हणजे पाच मिनिटं आला होता.

कीबोर्ड_बहाद्दर

एवढा विचार कशाला? आता यंत्राला एक वाक्य सांगितलं की मिनिटभरात चार पोस्टरं मिळतात. मी आत्ता हाच ब्रीफ देऊन बघितला. चारही झकास आली, खाली लावली आहेत.

निळी_शाई

तुम्ही लावलेल्या चारपैकी दोनांवर "ग्रथांलय" आहे, एकावर असं अक्षर आहे जे कुठल्याच लिपीत नाही, आणि चौथ्यावर घड्याळात सव्वातीन वाजलेत.

कीबोर्ड_बहाद्दर

प्रतिसाद मागे घेतो. घड्याळ मी बघितलंच नव्हतं.

आधी_पेन्सिल

अक्षरांबद्दल थोडं. बरीच वर्षं विद्यार्थ्यांबरोबर याच गोष्टींवर डोकं फोडलं आहे, त्यामुळे लांबलं तर चालवून घ्या.

जुन्यातला ट्रॅकिंगचा घोळ नेहमीचा आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांच्यात हवा खेळवली तरी शब्द टिकतो. देवनागरीचा शब्द शिरोरेखेवर टांगलेला असतो. तिच्यात फट पडली की डोळा शब्द वाचायचं सोडून अक्षरं मोजायला लागतो. फारच मोकळं हवं असेल तर मुळातच रुंद घडणीचा फॉन्ट घ्यावा.

पण नव्या पोस्टरमध्ये तू उलटी चूक केली आहेस, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जुन्यात रेघ तुटली होती याचा धसका घेऊन तू "ग्रंथालय"वर वेगळी सरळ पट्टी ओढली आहेस ना? या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग? नीट बघ, थ ची शिरोरेखा मुळातच अपुरी असते. डावीकडची गाठ मोकळी राहते. तू ती झाकून टाकलीस. थ च्या बाबतीत वाचणारा चालवून घेईल, पण हीच पट्टी ध वर ओढलीस तर घ होईल आणि भ वर ओढलीस तर म. ही मोकळी जागा नक्षी नव्हे, अक्षराची ओळखच तिथे आहे.

शिवाय ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअर आपोआप १२० टक्के लीडिंग देतं. ते रोमनच्या हिशेबानं ठीक आहे. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खाली लोंबतो आणि खालच्या ओळीची वेलांटी, रफार, अनुस्वार वर चढतात. तुझ्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत "सुरू"चा ऊकार आणि खालच्या "वेळी"ची वेलांटी एकमेकींना टेकल्या आहेत. १४०-१५० टक्क्यांपासून सुरुवात कर आणि मग डोळ्यानं ठरव.

बाकी नव्यातला फॉन्ट निवडताना तू ल आणि श मराठी वळणाचे घेतलेस, ते आवडलं. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी वळण पुढे येत नाही. पुष्कळ जणांना हे नोकरीला लागल्यावरही माहीत नसतं.

अर्धी_रेघ

सर (सरच असाल असं धरून चालले आहे), पट्टीचं बरोबर पकडलंत. मला वाटलं होतं मी रेघ "दुरुस्त" केली. शिरोरेखा सलग असते हे शिकले आणि लगेच ती सगळीकडे सलग करत सुटले.

ल आणि श मात्र ठरवून घेतले होते. पहिल्या वर्षी फोटोशॉपमध्ये मराठी पेस्ट केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसायची. मी ती पेन टूलनं खरवडून दुसऱ्या बाजूला चिकटवायचे, अक्षरशः एकेक. सहा महिन्यांनी कळलं की माझ्या त्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन (अक्षरं जुळवणारी यंत्रणा) बदललं की सगळं आपोआप जागेवर येतं. तो दिवस मी साजरा केला होता.

आधी_पेन्सिल

बाईच आहे मी. पण सर चालेल, सवय आहे.

अर्धी_रेघ

अगं बाई! माफ करा मॅडम.

सहज_आलो

वाचतोय. टेक्स्ट इंजिनबद्दल आत्ता कळलं. गेली तीन वर्षं मीही वेलांट्या चिकटवतोय. धागाकर्तीला साष्टांग नमस्कार.

निळी_शाई

मी काल रात्री दोन्ही पोस्टरं बघितली, पण मुद्दाम लगेच लिहिलं नाही. आज सकाळी ती आठवून बघितली. जुन्यातलं घुबड आठवलं. नव्यातलं पांढरं आठवलं. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं, ते एकातूनही आठवलं नाही.

परत उघडून शोधलं. जुन्यात खाली उजवीकडे, चंद्रप्रकाशात, १४ पॉइंटमध्ये. नव्यात खाली डावीकडे, ग्रिडवर अगदी चोख बसवलेलं, राखाडीत, तेही १४ पॉइंटमध्येच. तो राखाडी पांढऱ्यावर साधारण २.३ ला १ एवढ्याच कॉन्ट्रास्टनं उठतो. स्क्रीनवरच्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजीची (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणूनच्या नियमावलीची) किमान अट ४.५ ला १ आहे. हे छापील पोस्टर आहे हे कबूल, पण डोळे तेच असतात.

१४ पॉइंट म्हणजे जेमतेम ५ मिमी, कारण ७२ पॉइंटांचा इंच. आणि ती उंचीही अक्षराची नव्हे, अक्षराभोवतीच्या न दिसणाऱ्या चौकटीची. प्रत्यक्ष अंक त्याहून लहान. ३ मीटरवरून कोण वाचणार?

दोन वर्षांत तू फॉन्ट बदललास, रंग बदललास, रचना बदललीस. बातमी मात्र आहे त्याच कोपऱ्यात राहिली. ब्रीफमध्ये नवीन काय होतं? ग्रंथालय तर आधीपासून आहेच. "१० पर्यंत" हे नवीन होतं.

तुझ्या तक्त्यातल्या रिकाम्या रकान्याबद्दल: त्याला "कल्पना" हे नाव दिलंस म्हणून तो भरता येत नाहीये. मी त्या रकान्याला "निर्णय" म्हणेन. जुन्या पोस्टरमध्ये तू बरंच काही ठरवलं होतंस, चुकीचं का होईना. घुबड हवं, चष्मा हवा, जांभळं हवं. नव्यात तू फक्त चुका टाळल्या आहेस. तुझी मैत्रीण जुन्याकडे बघत राहिली, कारण तिथे कुणीतरी काहीतरी ठरवल्याचं दिसत होतं.

अर्धी_रेघ

हे वाचून बाहेर फिरून आले.

दोन्ही पोस्टरं दार उघडून समोरच्या भिंतीवरून बघितली. तुम्ही म्हणता तसंच आहे. जुन्यातून घुबड दिसतं, नव्यातून पुस्तकाचा कणा दिसतो, आणि वेळ दोन्हीतून गायब. चार दिवस मी स्तंभ जुळवत होते, आणि ज्यासाठी पोस्टर आहे ती गोष्ट मी टाइप केली ती थेट तळाशी, "बाकीची माहिती" म्हणून. वर्गातही सगळ्यांनी ग्रिडचं कौतुक केलं. वेळ कुठे आहे, हे कुणीच विचारलं नाही. मीही दुसऱ्यांच्या कामाबद्दल असं कधी विचारलेलं नाही, आम्ही कर्निंगबद्दल, म्हणजे दोन अक्षरांमधल्या फटीबद्दल, बोलतो.

छापखान्यातला

कर्निंगबद्दल बोलायला सोपं जातं म्हणून. माझ्याकडे लोक प्रूफ (छपाईआधीचा नमुना) बघायला येतात तेव्हा रंग गडद-फिका यावर अर्धा तास घालवतात आणि कार्यक्रमाची तारीख चुकलेली असते. छापून झाल्यावर कळतं.

जुना_वाचक

म्हणजे मी सामान्य बघ्या असूनही वेळ मलाही दिसली नव्हती. मी घुबडावरच खूश होतो. आता मला माझ्या मताबद्दल शंका यायला लागली आहे.

निळी_शाई

तुमचं मत तुमच्यापाशी शाबूत ठेवा, ते उपयोगी आहे. घुबडानं तुम्हाला थांबवलं. थांबवल्यावर सांगायचं ते त्यानं सांगितलं नाही, एवढंच.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा सगळ्यांनी कधी ना कधी पाहिला असेल. हॅरी बेकनं तो १९३१ मध्ये काढला. आधी नाकारला गेला आणि १९३३ मध्ये प्रवाशांच्या हातात पडला. बेक पेशानं तांत्रिक आराखडे काढणारा. त्यानं सगळ्या वाटा आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांत बसवल्या. नकाशा म्हणून तो सरळसरळ खोटा आहे, स्टेशनांमधली खरी अंतरं त्यात नाहीत. पण जमिनीखाली बसलेल्या माणसाला अंतर नको असतं, कुठे उतरायचं आणि कुठे बदलायचं एवढंच हवं असतं. बाकीचं टाकून द्यायचं हे त्यानं ठरवलं. रेघा सरळ काढणं हे त्यानंतरचं काम. आणि पुढची कित्येक वर्षं तो त्याच नकाशात दुरुस्त्या करत राहिला, हे मला त्या नकाशाइतकंच आवडतं.

आधी_पेन्सिल

सहमत, पण एक भर घालते. चुका टाळायला शिकणं ही काही हलकी गोष्ट नाही. मुलं पहिल्या वर्षी बिनधास्त असतात, दुसऱ्या वर्षी घाबरतात, कारण आता त्यांना दिसायला लागलेलं असतं. डोळा हाताच्या पुढे जातो. या टप्प्यावर बरीच जण पांढऱ्या पार्श्वभूमीत लपतात, आणि माझे निम्मे सहकारी त्याला "परिपक्वता" म्हणून गुण देतात. मीही दिले आहेत.

रेखाटनाला तू ३ गुण दिलेस. घुबड कुठून आणलं होतंस?

अर्धी_रेघ

स्टॉकमधून, म्हणजे तयार चित्रांच्या साठ्यातून. चष्मा मात्र मीच चढवला होता. आणि पुस्तकही.

आधी_पेन्सिल

वाटलंच. मग जुना_वाचक यांना आवडलं ते तुझंच आहे. घुबड हातानं काढ. वाईट येईल. तीस काढ.

अर्धी_रेघ

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढते आहे. तिसरं पोस्टर जोडलंय. कसं झालं ते सांगते, कारण तयार चित्रात ते दिसत नाही.

आधी फक्त "१०" घेतलं आणि ए३ च्या रुंदीभर ताणलं. मग साहजिकच शून्याचा चंद्र केला. दोन दिवस मी त्या चंद्रावर बेहद्द खूश होते. भिंतीवर लावून शेजारच्या खोलीतल्या मुलीला विचारलं, काय दिसतं? ती म्हणाली, "एक. आणि चंद्र." चंद्र गेला. मग शून्याचा कंदील झाला, मग भिंग, मग चष्म्याची काच. प्रत्येक वेळी १० मोडून १ उरत होता. शेवटी शून्याला शून्यच राहू दिलं.

या वेळी दर संध्याकाळी पोस्टर टपाल तिकिटाएवढं छापून बघायचे. तेवढ्यातही वेळ वाचता आली तर पुढे जायचं, नाही तर पुन्हा. अकरा वेळा पुन्हा.

घुबडं बेचाळीस काढली. पहिली पंचवीस कोंबड्या आहेत. तिसाव्यानंतर ब्रशनं काढायला लागले आणि तपशील सुटत गेले: पिसं गेली, पंजे गेले, पुस्तकही गेलं. डोळे आणि चष्मा राहिला. ते घुबड आता "ग्रंथालय"च्या शिरोरेखेवर बसलं आहे, ल आणि य च्या मधोमध. आधी थ वर बसवणार होते, पण तिथे रेघ मोकळी आहे (मॅडम!), बिचारं पडलं असतं. ग्रं वर अनुस्वार होता. पहिल्या पोस्टरमध्ये याच शब्दाची शिरोरेखा मी फोडली होती, तेव्हा त्याला बसायला जागाच नव्हती.

काय जमलं नाही तेही सांगते. "पर्यंत" हा शब्द अजून दहाच्या खाली उपरा वाटतो. रंग दोनच आहेत, कारण तिसरा निवडायची हिंमत झाली नाही. म्हणजे तिथे मी अजून लपतेच आहे. तक्ता मात्र फाडला. रेखाटनाला आता किती गुण द्यायचे हे ठरवता येईना. बेचाळिसावं घुबड चांगलं आहे, पण त्रेचाळिसावं तसं येईल याची खात्री नाही.

जुना_वाचक

वेळ दिसली! सगळ्यात आधी वेळ, मग घुबड. पुस्तक गेलं याचं थोडं वाईट वाटलं. पण ते अजूनही काहीतरी लपवून बसल्यासारखंच दिसतंय.

आधी_पेन्सिल

"पर्यंत"चा रफार शून्याच्या तळाला जवळजवळ शिवतोय, म्हणून तो शब्द अंग चोरून उभा आहे. ४ मिमी खाली घे. कोंबड्या पण टाक इथे, बघायच्या आहेत.

निळी_शाई

चांगलं झालंय. दुसरा रंग कसा निवडलास?

अर्धी_रेघ

घुबडाच्या डोळ्यासाठी पिवळा हवाच होता. पांढऱ्यावर तो दिसेना, म्हणून अख्खी पार्श्वभूमी काळी केली. आधी काळी रात्र ठरवून मग पिवळा घेतला असं नाही, उलटं झालं. आता १० आणि घुबड दोन्ही पिवळे आहेत.

छापखान्यातला

मॅडमचे ४ मिमी झाले की फाइल पाठव, आमच्याकडे एक प्रत काढून देतो. एवढा मोठा काळा नुसत्या "के"वर, म्हणजे एकट्या काळ्या शाईवर, सोडू नकोस, धुरकट येतो, त्याला खालून थोडा सायनचा (निळसर शाईचा) आधार दे. बारीक अक्षरं त्या काळ्यात पिवळी आहेत, ती ठळक वजनात ठेव, नाही तर शाई आत भरून बुजतील. ब्लीड?

अर्धी_रेघ

३ मिमी. चारही बाजूंनी.

छापखान्यातला

पाठव.